सहापैकी पाच तबकड्या

समोर सहा तबकड्या होत्या. वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणाऱ्या तीन बाहेरच्या हवेच्या दाबावर चालत. क्षितिज आणि दिशा दाखवणाऱ्या दोन, इंजिनाला जोडलेल्या पंपावर. वळण दाखवणारी एक विजेवर. वर काचेपाशी द्रवात तरंगणारं होकायंत्र. त्याला काहीच लागत नसे.

विमान चार आसनांचं, आत माणसं दोन. ढगातलं उड्डाण शिकणारी शिवांजली काळेल आणि तिला शिकवणारे, सैन्यातून निवृत्त झालेले मोहिद्दीन नदाफ. कराडहून निघून ते साडेसहा हजार फुटांवर आले होते. बाहेर सगळीकडे एकच पांढरा रंग.

तांबडा दिवा लागला. वीजप्रवाह दाखवणारा काटा शून्याच्या खाली गेला.

"अल्टरनेटर गेला," नदाफ सर म्हणाले. त्यांनी वीज तयार करणाऱ्या त्या यंत्राचं बटण एकदा बंद करून चालू केलं. दिवा तसाच. बॅटरी पुरावी म्हणून त्यांनी दिवे आणि दुसरा रेडिओ बंद केला आणि कराडला बिघाड कळवायला लागले. वाक्य पुरं व्हायच्या आत जुनी झालेली बॅटरीच संपली. इंजिन चालू राहिलं. त्याला लागणारी ठिणगी इंजिन स्वतःच तयार करतं.

हेडफोनमधला आवाजही गेला होता. सरांनी एक कान मोकळा केला.

"आता वरडून बोल गं! लाजू नगस!"

"सर, पेट्रोल संपलं!" दोन्ही टाक्यांचे काटे शून्यावर पडले होते.

"सकाळी टाकीत काठी कुणी बुडवली?"

"मीच!"

"किती भरलं?"

"साडेतीन तासांचं!"

"मग काठीवर इस्वास ठेव. ते काटे बी विजेचंच हायती."

तिनं काट्यांवरून नजर काढली. तेवढ्यात विमान डावीकडे कलल्यासारखं वाटलं आणि तिचे हात उजवीकडे वळले.

"काय करतीस?"

"डावीकडं कललोय, सर!"

"कुनी सांगितलं?"

"मला वाटतंय!"

"तबकडी काय म्हनती?"

तिनं पाहिलं. क्षितिजाची रेघ तिच्याच हातांनी तिरकी झाली होती. विमान उजवीकडे कललं होतं. बाहेरचं काही दिसत नसलं की कानाच्या आतला द्रव खुशाल खोटं सांगतो, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं. तिनं रेघ सरळ केली. अंग अजूनही पडतंय पडतंय म्हणत होतं. तिनं ते म्हणू दिलं.

सरांनी हात पुढे केले नाहीत. त्यांना नकाशा बघायचा होता, आणि दोन्ही कामं एकानं करण्यात धोका होता.

"म्हागारी कराडला उतरायचं तर दोन्हीकडं डोंगर, अन् दिसत तर काय न्हाई. तुजं गाव कंचं?"

"वरकुटं! माण तालुका!"

"तिकडं पाऊस हाय का?"

"कुठला, सर! ढग येत्यात, डोक्यावर फाटत्यात अन् जात्यात!"

सर हसले. "मग दुष्काळ आज कामाला आला. चल पूर्वेला!"

"वाळव्याची मानसं कामापुरतीच माणात येत्यात," ती ओरडली. सरांचं गाव वाळवा.

वळण दाखवणारी तबकडी मेलेली होती, म्हणून तिनं अगदी थोडं कलवून सावकाश वळण घेतलं. विमान सरळ झाल्यावर होकायंत्र स्थिरावेपर्यंत वाट पाहिली आणि दिशेची तबकडी त्याच्याशी जुळवून घेतली. पुढेही अधूनमधून जुळवत राहिली. सरांनी तिच्या गुडघ्यावर घडी केलेला नकाशा ठेवला आणि त्यावरून बोट फिरवत राहिले.

मग पांढऱ्यात एक तपकिरी भोक पडलं. त्यात माळ, कोरडा ओढा, बाभळी. भोक रुंदावत गेलं. तिनं बाहीनं डोळे पुसले.

"रडायचं तर रड," सर म्हणाले, "पर इमानाचं नाक सरळ ठेव."

ढगाखालून उत्तरेला वळत त्यांनी फलटण गाठलं, नीरा नदी ओलांडली. मोबाइलला रेंज आल्यावर सरांनी बारामतीच्या धावपट्टीवर फोन करून ठेवला. आता एकच अडचण होती. उतरताना वेग कमी करणाऱ्या पंखांच्या झडपा विजेवर हलत. त्या आता खाली येणार नव्हत्या. वेग जास्त राहणार, विमान लांब धावणार.

"मी घेऊ?" सरांनी विचारलं.

"तुमी हात जवळ ठेवा," ती म्हणाली.

त्यांनी ठेवला.

चाकं टेकल्याच्या काळ्या खुणेपासून विमान थांबलं तिथवर दोघांनी टेप धरून अंतर मोजलं. सहाशे दहा मीटर भरलं; पुढे अजून बरीच धावपट्टी उरली होती.