पहिला नको

"रस्सा और दूँ, माताजी?" वाढप्यानं विचारलं आणि आईनं ताटावर तळहात आडवा धरला.

"नको नको, लई झालं."

तो मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेला.

माझं जेवण आधीच उरकलं होतं. हात धुवायच्या रांगेतून मी हे बघितलं आणि घोटाळा झाला हे तिथंच कळलं. आमच्या माले गावात पहिला नको कुणी मोजत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं, वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, आणि दोन-तीनदा असं झालं की मग खरी भूक कळते. गावातल्या लग्नांत आईला वाढायला मुद्दाम बोलावतात ते याचसाठी. "हात काढा, न्हाईतर बोटांवर वाढीन," असं ती भल्याभल्यांना दरडावते. तिच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठत नाही.

स्वतः मात्र ती शेवटी बसते. घरात मटण शिजलं की अळणी रस्सा आधी अण्णांना, मग पाहुण्यांना, मग मला. तिच्या वाट्याला पातेल्याचा तळ. म्हणून तर आई-अण्णांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी दोघांना पौड रस्त्यावरच्या या नव्या हॉटेलात आणलं होतं. आज आईनं बसावं आणि दुसऱ्या कुणीतरी तिला पोटभर वाढावं, एवढाच माझा हट्ट होता.

दारावर 'घरच्यासारखं अनलिमिटेड जेवण' अशी भलीमोठी पाटी. आत भाकरी गार, पिठलं पाणचट, ठेचा नावाला. अळणी तेवढा खरंच चांगला होता. आईनं वाटी तोंडाला लावून तो संपवला आणि म्हणाली, "ग्वाड झालाय."

मी परतले तोवर तिचं ताट उचललेलं होतं. शेजारी अण्णा मान खाली घालून नळी फोडत होते.

"आई, पोट भरलं?"

"भरलं की." तिची नजर रश्श्याच्या बादलीमागं फिरत होती.

आता अण्णांनी मान वर केली आणि त्यांचा पारा चढला. "ओ मॅनेजर, जेवत्या मानसाचं ताट उचलताय व्हय?"

"काका, त्याच नको म्हणाल्या," मॅनेजर मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "अनलिमिटेड आहे. मागितलं की मिळतं."

"मागून खायाला आमी काय भिकारी हाय? येकदा नको म्हनलं तर परत इचारायची रीत न्हाई तुमच्यात?"

नवं ताट लावतो, असं मॅनेजर म्हणाला. तोपर्यंत आई उठली होती. मला असा संताप आला की ती पाटी उपटून त्याच्या गल्ल्यावर आपटावी. घरच्यासारखं म्हणे. जिनं जन्मात कधी काही मागितलं नाही, तिनं इथं मागायचं.

घरी येईपर्यंत जीपमध्ये अण्णांचं तोंड थांबलं नाही. "मानसाची भूक कळत न्हाई आन् हाटेलं काढत्यात."

 घरात शिरल्यावर आईनं भात टाकला, आमटी केली. आणि मग जे मी कधीच पाहिलं नव्हतं ते केलं. एकच ताट घेतलं, पाट मांडला आणि आमच्याआधी स्वतः बसली.

"वाढा," ती अण्णांना म्हणाली.

अण्णा गडबडले. भातवाढी कशी धरायची हेही त्यांना उमजेना. तरी त्यांनी ताटात भात घातला, वर आमटी ओतली. आई भराभर जेवली. ताट रिकामं झालं तसे अण्णा पुन्हा पातेल्याकडे वळले.

"नको नको, लई झालं," आई म्हणाली आणि तिनं ताटावर तळहात धरला.

"बरं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

आईचा हात ताटावर तसाच होता.