आमदारांच्या आईचं मत

रविराज आमदार झाला तरी गावात त्याला कुणी साहेब म्हणत नाही, तेव्हा आपणही म्हणायला नको. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की त्याचं गाव. माणूस तसा बरा. खोड एकच, चौकशीची. लहानपणी चालू घड्याळं उघडून बसायचा आणि मार खायचा. आता सरकारी फायली उघडून बसतो आणि बोलणी खातो. दर तीन महिन्यांनी गावच्या द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसमध्ये तो सभा घेतो. कोणतं काम कबूल केलं होतं, कोणतं झालं, कोणतं आपणच विसरलो, हे उभं राहून सांगतो. आधी लोक चहाभज्यांसाठी यायचे. मग आमदार स्वतःच्या तोंडानं स्वतःच्या चुका सांगतो ही गंमत त्यांना आवडायला लागली.

या खेपेचा विषय होता मतदार यादी. मागच्या निवडणुकीत रविराज फक्त एकशे बारा मतांनी आला होता, आणि पडलेला उमेदवार गावोगाव सांगत फिरत होता की यादी दुबार नावांनी भरली आहे. शहाण्या माणसानं कानाडोळा केला असता. यानं उलट मागच्या सभेत जाहीर केलं की मीच शोधतो, सुरुवात माझ्याच गावापासून, आणि जे नाव निघेल ते सभेत वाचून दाखवतो, माझ्या घरातलं निघालं तरी. हे शेवटचं वाक्य सगळेच पुढारी टाळीसाठी बोलतात. ते पाळायची वेळ सहसा येत नाही.

शोधायचं काम आलं मंजुषाकडे. ती त्याचं कार्यालय सांभाळते. मंजुषा माहेरची वेदिका. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि वेदिका तिथंच राहिली. म्हणून जे भल्याभल्यांना सुचलं नाही ते तिला सुचलं. पोरगी नांदायला जाते, नाव बदलतं, आडनाव बदलतं, सासरच्या यादीत नवं नाव चढतं, आणि माहेरच्या यादीतलं जुनं नाव काढायला कुणी जात नाही. ना कुणाची लबाडी, ना कुणाचं लक्ष. ती घरोघर फिरली आणि बायकांना माहेरचं नाव विचारत सुटली. काय मजा आली म्हणता! चाळीस-चाळीस वर्षांत न उच्चारलेली नावं निघाली. मालनबाईंना तर स्वतःचं नाव सांगताना नव्या नवरीसारखी लाज वाटली. मग मंजुषानं त्या त्या गावच्या यादीवाल्या मास्तरांना फोन लावले, याद्या मागवल्या, आणि गावात एकतीस बायका दोन-दोन ठिकाणी सापडल्या.

शुक्रवारी दुपारी तिनं तीस कागद रविराजसमोर ठेवले. एकतिसावा हातातच धरून ती उभी राहिली. रविराजनं तो मागून घेतला. नामपूरची यादी, भागीबाई, वडील देवराम, वय सदुसष्ट. आणि शेजारी फोटो त्याच्या आईचा.

आईचं नाव कुसाबाई, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. मंजुषानं तिलाही माहेरचं नाव विचारलं होतं, तर म्हातारीनं "आता कशाला ते" म्हणून चहा पुढे केला होता. शेवटी ते नामपूरच्या मामांकडून कळलं.

इथवर ठीक होतं. पण मंजुषानं खुणांच्या याद्याही मागवल्या होत्या. मत दिलेल्या माणसाच्या नावाखाली केंद्रावर रेघ ओढतात, बाई असली तर बाजूला बरोबरची खूणही करतात. रीतसर अर्ज केला की ती यादी मिळते. नामपूरला भागीबाईच्या नावाखाली रेघ होती. इथं कुसाबाईच्या नावाखालीही रेघ होती. निवडणूक एकच, दिवस एकच. परवाच्या सभेत आपल्या तोंडानं आपल्या आईला बोगस मतदार म्हणायचं, असा तो प्रसंग होता.

पण खोड कुठे जाते? घाबरलेला असतानाही त्याचं डोकं चालू झालं. मतदानाच्या दिवशी आई दर वेळी नामपूरला भावाकडे जायची. घर कार्यकर्त्यांनी भरतं, मला गलका सोसत नाही, म्हणायची. संध्याकाळी परतायची तेव्हा बोटाला शाई असायची, म्हणून ती मत देऊन गेली असं घरात सगळे धरून चालायचे. आता त्याला आठवलं, आईची गाडी सकाळी सहाची. मतदान सुरू होतं सातला. परत यायची तेव्हा केंद्राला कुलूप लागलेलं असायचं. म्हणजे आईनं इथं मत दिलंच नव्हतं. मग रेघ कुणाची?

तो तडक घरी गेला. आई ओट्यावर लसूण निवडत बसली होती. त्यानं समोर बसून विचारलं,

"आई, भागी कोण?"

मग तिनं लसणाची परात बाजूला सरकवली आणि सगळं सांगितलं. लग्नाआधी बापानं हौसेनं तिचं नाव यादीत घातलं होतं. सासरी आली, कुसा झाली. पहिल्या निवडणुकीला सासऱ्यांनी घरातल्या सगळ्या बायका ट्रॅक्टरमध्ये घातल्या, जाताना चिन्ह सांगितलं आणि येताना एकेकीला विचारलं, नीट मारला ना शिक्का? पुढे ते काम रविराजच्या वडिलांनी केलं. तिला त्याचा वीट आला. एकदा माहेरी असताना निवडणूक लागली, भाऊ म्हणाला ताई तुझं नाव अजून हाय, आणि ती एकटी जाऊन मत देऊन आली. कुणी काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून ती दर वेळी तिकडेच जात होती.

"म्हणजे मला तू एकदाही मत दिलं नाहीस?"

"नाही."

आमदार झालेला माणूस, पण त्याला भारी लागलं ते. रडूच यायचं बाकी होतं. आणि तरी त्याला राहवलं नाही. कुणाला दिलंस, असं त्यानं विचारलंच.

"ते सांगायचं नसतं. तूच सांगतोस ना सभेत?" म्हणत तिनं परात पुन्हा ओढून घेतली.

राहिली इथली रेघ. तिचा शोध घ्यायला लांब जावं लागलं नाही. गावच्या केंद्रावर रविराजचा माणूस म्हणून वर्षानुवर्षं लहानू बसतो. रविराजला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेला, वडिलांच्या वेळचा माणूस. त्याला बोलावलं तर त्यानं आढेवेढेही घेतले नाहीत. पाच वाजत आले होते, समोरच्या पक्षाचा माणूस चहाला गेला होता, अधिकारी बाहेरगावचे. त्यानं आपल्या भावजयीला कुसाबाई म्हणून आत पाठवलं. ती ठसठशीत बाई, पदर पुढे ओढून गेली आणि आली. आमदाराच्या आईचं मत वाया घालवायचं होय, असा लहानूचा साधा हिशोब.

"एक पान तर हाय. फाडून टाक," तो म्हणाला. "तीस वाच. कुणाला कळतंय?"

लहानूचं चुकीचं नव्हतं, कळलं कुणालाच नसतं. मंजुषा बोलली नसती, आई तर नाहीच. आणि वाचून दाखवलं तर आमदारकीवर शिंतोडे, लहानूवर गुन्हा. पण त्याच्या डोक्यात तो एकशे बाराचा आकडा फिरत होता. आपल्या प्रेमापोटी किती केंद्रांवर किती लहानूंनी किती मतं वाया जाऊ दिली नसतील? जन्मात पहिल्यांदा त्याला चौकशीची भीती वाटली. शनिवारी सकाळी त्यानं तहसील कचेरीत लेखी अर्ज दिला, सगळी केंद्रं तपासा म्हणून. येताना लहानूच्या घरी जाऊन तसं त्याच्या तोंडावर सांगितलंही. लहानूनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

रविवारी चार वाजता पॅकहाऊस गच्च भरलं. लोक द्राक्षांच्या क्रेटवर, रिकाम्या खोक्यांवर, जागा मिळेल तिथं बसले. रविराजनं आधी रस्त्याचं आणि पाण्याच्या टाकीचं सांगितलं, मग दोन नावांच्या बायका वाचायला घेतल्या. एकेक जुनं नाव आलं की हशा पिकायचा, सुना आपल्या सासूकडे वळून बघायच्या. तिसावं झालं. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि एकतिसावं वाचलं. भागीबाई देवराम, नामपूर. इथल्या यादीत कुसाबाई, माझी आई.

हसणं थांबलं. त्यानं न थांबता पुढचंही सांगितलं. आईनं मत एकच दिलं, तेही नामपूरला. इथं तिच्या नावावर दुसऱ्याच बाईनं दिलं आणि ते मला पडलं. ते खोटं मत आहे. तशी कितीक असतील, मला ठाऊक नाही. अर्ज दिला आहे, जे निघेल ते पुढच्या सभेत इथंच वाचीन, मग माझी आमदारकी गेली तरी हरकत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, आमदाराला आईचंच मत नाय, आणि दोनचार जण फिसकन हसले. रविराजचे कान लाल झाले. तेवढ्यात लहानू क्रेटवरून उठला. टोपी काढून हातात धरली आणि ते काम माझं, माझ्या भावजयीला बोल लावू नका, एवढं सांगून खाली बसला.

मंजुषानं टेबलावर अर्ज मांडले होते. राहतो त्या गावचंच नाव ठेवता येतं, म्हणून बाकीच्या बायकांनी माहेरचं नाव काढायच्या अर्जावर सह्या केल्या. सगळ्यांत शेवटी कुसाबाई आली. नामपूरच्या अर्जावर तिनं सही केली, पण टेबलापासून हलली नाही. नाव दुरुस्तीचा अर्ज असतो का, तिनं विचारलं. मंजुषानं तो काढला. दुरुस्त करून काय लिहायचं?

पंचेचाळीस वर्षांत म्हातारी या गावात नामपूरची अहिराणी बोली बोलली नव्हती. आता सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"मन्हं नाव भागी शे. तेच लिही."

मंजुषानं लिहिलं, आणि मालनबाई मागून पुढे आल्या, तो अर्ज आणखी एक आहे का विचारायला.

सभा मोडल्यावर रविराज आईबरोबर घराकडे निघाला. घर जवळ आलं तसं त्याला राहवेना. पुढच्या वेळी मत इथंच देणार ना, त्यानं विचारलं.

"आता इथंच," ती म्हणाली. "पण मला न्यायला गाडी पाठवू नकोस. मी चालत जाईन. आणि मत हवं असेल तर बाकीच्यांच्या दारात जातोस तसा माझ्याही दारात ये."