जोडीदाराची बाजू

कवळीवाल्याचं काम पाहायचं असेल, तर संध्याकाळी बागेत जाऊन बाकांवरच्या म्हाताऱ्यांना हसवायचं. निम्म्या तोंडांत त्याच्या हातचे दात. तो काही डॉक्टर नव्हता. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि हा एका अरुंद खोलीत खिडकीजवळ बसून दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे कवळीवाला हे नाव त्याला असं चिकटलं, की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

सहा वाजले की तो एप्रन काढून घरी यायचा आणि चहा पिऊन मागच्या खोलीत शिरायचा. तिथे दातांऐवजी ट्रक असायचे. लष्करी ट्रक, पाण्याचे टँकर, क्रेन, अवजड ट्रेलर, सगळे खऱ्याच्या पस्तीसपट लहान. हत्यारं मात्र कामावरचीच. दात सरळ करायच्या तारेचे ट्रकला आरसे व्हायचे, प्लास्टरच्या पावडरीची धूळ व्हायची, आणि एका ट्रेलरचे मागचे दिवे तर कवळीच्या हिरड्यांना वापरतात त्या गुलाबी मसाल्याचे होते. लाल रंग दिल्यावर कोणाची बिशाद होती ओळखायची!

"दिवसा दात, संध्याकाळी ट्रक," बायको म्हणायची. "माझा नंबर कधी?"

"तू मापात बसत नाहीस."

यावर ती जे काही फेकायची, ते मऊ असायचं. संसार छान चालला होता.

सल एकच होता, तो म्हणजे सासरे. आता तसं पाहिलं तर माणूस भला. जावयाला कधी वाकडा शब्द नाही. पण सरळ शब्द तरी कुठे होता? सासऱ्यांनी एकतीस वर्षं लष्करात रणगाडे वाहून नेणारा ट्रेलर चालवला होता. अजूनही ते दारातून आत येताना मागे चाळीस चाकं असल्यासारखं रुंद वळण घेत आणि खुर्चीवर बसण्याआधी मागे वळून पाहत. बावीस वर्षांत जावयाशी त्यांचं बोलणं म्हणजे, "जावईबापू, बरंय ना?" "बरंय, बाबा." "उकडतंय." "हो, उकडतंय." पुढे दोघंही पंख्याकडे बघत बसत.

मागच्या खोलीच्या दारातून मात्र ते एकदा आत डोकावले होते. फळीवरचे ट्रक पाहून म्हणाले, "छान आहेत खेळणी." बोलण्यात कुजकटपणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर खरी गाडी चालवली, त्याने एकदा तरी आपल्या कामाकडे काम म्हणून पाहावं, असं कवळीवाल्याला फार वाटायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं वाटावं याची त्याला लाजही वाटायची. पण वाटायचं ते वाटायचंच.

म्हणून सासऱ्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसासाठी त्याने त्यांचीच गाडी करायला घेतली.

आधार म्हणून होता एक जुना फोटो. बायकोच्या अल्बममधला, तळहाताएवढा, पिवळट पडलेला. पुढे आठ चाकांचा ट्रक, मागे लांबलचक ट्रेलर, त्याला पाच रांगांत चाळीस चाकं. कवळीवाल्याने फोटो भिंगाखाली धरून गाडीचा नंबर लिहून घेतला, दारावरचा पोचा टिपला, आणि अकरा महिने त्या खोलीत कुणालाही पाऊल ठेवू दिलं नाही. बायकोलासुद्धा नाही. अठ्ठेचाळीस टायर त्याने एकेक करून घासले. रणगाडा बांधायच्या साखळीची प्रत्येक कडी हाताने वळवली. रणगाडा चढवायची मागची फळी खरोखर खाली यायची आणि वर जायची.

सगळ्यात शेवटी त्याने गाडी मळवली. या छंदातली खरी कसोटी तीच. कोरी करकरीत गाडी कोणीही करतो. चाकांत चिखल भरणं, दाराखाली गंजाचा ओघळ आणणं, डिझेलच्या टाकीवर सांडलेल्या तेलाचा डाग पाडणं, ही कला. फोटोतली गाडीही धुळीने माखलेली दिसत होती आणि दाराखाली तपकिरी ओघळ स्पष्ट होता. कवळीवाल्याने चाळलेली माती, प्लास्टर आणि रंगाची भुकटी टर्पेंटाइनमध्ये कालवून असा चिखल केला, की त्याच्या छंदातले चारजण रविवारी ज्याच्या दुकानात जमायचे, तो चष्मेवालासुद्धा भिंग घेऊन खाली वाकला.

"याला हात लावला तर हात धुवावे लागतील," अखेर चष्मेवाला म्हणाला. "पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनात मधलं टेबल तुझं."

मधलं टेबल! आजवर कवळीवाल्याची मांडणी कोपऱ्यात, झाडूच्या शेजारी असायची. तो घरी जाताना चक्क शीळ घालत गेला.

वाढदिवसाच्या दुपारी घरात पाहुणे जमले. सासरे आले, रुंद वळण घेऊन खुर्चीत बसले. कवळीवाल्याने टेबलावरच्या गाडीवर झाकलेलं खोकं उचललं. सासरे पुढे वाकले. मग खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. बोट न टेकवता त्यांनी चाकं मोजली. मागची फळी खालीवर करून पाहिली. साखळीपाशी आले तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांची नजर दारापाशी गेली, दाराखाली गेली, चाकांत गेली आणि तिथेच थांबली.

"ही कोणाची गाडी?"

"तुमची, बाबा. नंबर बघा ना."

सासऱ्यांनी नंबर वाचला. चष्मा काढून घडी घातली. "नंबर माझा आहे. गाडी माझी नाही."

मग सासऱ्यांनीच विचारलं, "जेवायचं ना?" आणि सगळे जेवायला बसले. जाताना ते म्हणाले, "इथेच राहू दे हे. माझ्याकडे जागा नाही." बोलले अगदी गोड. कवळीवाल्याला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो मागच्या खोलीत येऊन डोकं धरून बसला. बायको मागोमाग आली. अकरा महिन्यांनी मिळालेल्या प्रवेशाचा फायदा घेऊन तिने आधी सगळी खोली न्याहाळली, मग गाडीपाशी वाकली.

"हे दाराखाली काय आहे?"

"गंज. फोटोत आहे तसा."

तिने फोटो उचलला, ओघळावर बोट ठेवलं आणि खुदकन हसली. "हा चहा आहे. मी सहा वर्षांची असताना सांडला होता. केवढा मार खाल्ला होता मी!"

"आणि ही धूळ?"

"फोटो जुना झालाय रे! तूही आहेस तसा, म्हणून काय तुला धुळीचा रंग देऊ?" मग तिचं हसू मावळलं. ती स्टुलावर बसली. "बाबांची गाडी कधीच मळकी नसायची. फेरीवरून आले की आधी गाडी धुवायचे, मग घरी. आई जेवण झाकून वाट बघत बसायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा भिजलेल्या पँटने घरी येतात."

"हे तू मला आज सांगतेस?"

"अकरा महिने या दारातून आत येऊ दिलंस का मला?"

कवळीवाल्याने गाडीकडे पाहिलं. आपल्या मते आपण सासऱ्यांचा मान केला, आणि खरं तर भर पाहुण्यांत त्यांना घाणेरडा ड्रायव्हर ठरवलं. त्याचे कान तापले. उपाय होता, पण फार महागातला. हिरव्या रंगावर त्याने पारदर्शक वॉर्निशचा हात दिला होता. वरचा चिखल टर्पेंटाइनने सुटला असता. पण एकदा गेलेला चिखल पुन्हा तसाच जमत नाही, हे या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चिखल गेला की मधलं टेबलही गेलं. चार वेळा उठून त्याने वेगवेगळ्या बाजूंनी आपला चिखल पाहिला. फार सुंदर जमला होता मेला!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कामावर निरोप धाडला, की आज येत नाही. दोन गिऱ्हाइकांना आणखी एक दिवस लापशीवर काढावा लागणार होता. गाडी खोक्यात ठेवून, टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस लावलेल्या काड्यांचा पुडा पिशवीत घालून तो सासऱ्यांकडे गेला.

सासरे दाराबाहेरच्या पायरीवर पेपर वाचत होते. सकाळचं ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. जावयाला एकटा आणि तोही कामाच्या दिवशी आलेला पाहून ते दचकले.

"पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे." कवळीवाल्याने खोकं पायरीवर ठेवून उघडलं. वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती, ती ऐनवेळी पसार झाली. "गाडी घाण आहे, बाबा. धुवायला आणलीय."

सासऱ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. पेपराची घडी घातली. शर्टाच्या बाह्या वर केल्या. आणि मग खाली वाकून पँटचे पायही दुमडले, गुडघ्याखालपर्यंत, नीट, दोन्ही सारखे. कवळीवाल्याला हसू आलं नाही.

"पाणी आणू?"

"पाण्याने जाणार नाही. टर्पेंटाइन आहे."

"आम्ही डिझेल वापरायचो." त्यांनी एक काडी उचलली, बुडवली, निथळवली. "वरून खाली यायचं. खालून सुरुवात करतो तो गाढव."

त्यांनी गाडी उचलून दोघांच्या मध्ये ठेवली, आडवी. एक बाजू स्वतःकडे, दुसरी कवळीवाल्याकडे.

"ती बाजू तुमची," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मोठ्या गाडीवर दोघं असतात. ड्रायव्हरच्या दाराकडची बाजू ड्रायव्हर धुणार, पलीकडची जोडीदार. दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही. तो अपमान समजतात."

कवळीवाल्याने काडी बुडवली आणि टपावरून सुरुवात केली. चिखल मऊ झाला, ओघळला, कापसाला लागून आला. त्याखालून हिरवा रंग वर येऊ लागला. दाराखालचा गंजाचा ओघळ सासऱ्यांच्या बाजूला होता. तो त्यांनी एका फटक्यात पुसून टाकला. त्यावर कवळीवाल्याचे तीन रविवार गेले होते. पण मग सासरे बोलू लागले, आणि ते रविवार तो विसरला.

जोडीदार एकोणीस वर्षं एकच होता, असं त्यांनी सांगितलं. बारीकसा माणूस, खोकायचा फार. अरुंद पूल आला की खाली उतरून गाडीपुढे उलटा चालायचा आणि नुसत्या दोन बोटांनी दाखवायचा, इकडे, तिकडे. "सत्तर टन माझ्या हातात आणि मी त्याची दोन बोटं बघून चालवायचो. घरच्यांशी बोललो नसेन तेवढं त्याच्याशी बोललो. तो गेला आणि बोलायची सवयच गेली."

बावीस वर्षांत सासरे एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. कवळीवाल्याने मान वर केली नाही. वर केली तर ते थांबतील, अशी त्याला भीती वाटली.

"धुऊन झाल्यावर तपासायचात त्याची बाजू?" त्याने चाक घासता घासता विचारलं.

"आधी रोज. एक डाग दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. मग दोनेक वर्षांनी एक दिवस तपासलीच नाही. त्याला शब्दानेही काही बोललो नाही, सरळ हात पुसले आणि निघालो. त्याला कळलं. वेडा रडला त्या दिवशी." सासऱ्यांनी काडी टाकून दुसरी घेतली. "आतल्या चाकांमधला चिखल राहू दे हं. तिथे कधीच कोणाचा हात पोचायचा नाही. साहेबांनाही ठाऊक होतं."

म्हणून आतल्या चाकांमधला चिखल राहिला. कवळीवाल्याला बरं वाटलं.

ऊन साऱ्या पायरीवर पसरलं तेव्हा सासऱ्यांची बाजू झाली होती. कवळीवाल्याची शेवटची रांग राहिली होती. तीही झाली. गाडी हिरवीगार, ओली, उन्हात चमकत उभी होती. त्याने आपल्या बाजूवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. साखळीच्या कडीत कण अडकला होता, तो काढला. मग तो थोडा मागे सरकून बसला, म्हणजे सासऱ्यांना इकडे येऊन नीट बघता यावं. दात बसवायला आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकासारखा तो घाबरला होता.

सासऱ्यांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट करून. पँटचे पाय सोडले. गुडघ्यांवर हात टेकून उठले, पायरीवर वळले आणि जावयाच्या बाजूकडे ढुंकूनही न पाहता सरळ घरात निघून गेले.

"चहा टाकतो," आतून आवाज आला. "साखर किती लागते तुम्हाला?"

कवळीवाल्याने दारातून आत हात करून दोन बोटं दाखवली.