ती उलटी झाली तर

मुलाने जाताना हा कागद दिला. जसा होता तसा उतरवतो, चुकांसकट.

सुनबाईला आठवड्यातून एक रातकिडा. मोठा नको.
पाण्याची बशी रोज भरा.
पोट काळं पडलं आणि खाणं सोडलं तर समजा कात टाकणारे. उरलेला रातकिडा बाहेर काढा.
ती उलटी झाली तर हात लाऊ नका. घाबरू नका. ते चांगलं असतं.
मग दोन आठवडे खायला देऊ नका.
मी दर रविवारी फोन करतो.

सूनबाई म्हणजे टॅरंटुला. तळहाताएवढी, तपकिरी, केसाळ कोळीण. सहा वर्षांपूर्वी मी मुलाच्या मागे लागलो होतो, लग्नाचं बघ, लग्नाचं बघ. एका संध्याकाळी तो काचेची पेटी घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ही घ्या तुमची सूनबाई. उलट उत्तर देणार नाही. स्वयंपाक तेवढा येत नाही." लेक हसून हसून खुर्चीतून खाली घसरली. मी हसलो नाही. हसायला हवं होतं.

वर्षभराने तो पेटी घेऊन घराबाहेर पडला. टेबलावर दोन पानी पत्र ठेवून गेला होता.

नाही, आधी कागदाचं सांगतो.

एकतीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासली. शाळेची पुस्तकं, वेळापत्रकं, औषधांच्या खोक्यांतल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी लिहिलेला कागद समोर आला की हात लाल पेनाकडे जातो. सुनबाई: 'सू' दीर्घ. टाकणारे: टाकणार आहे. लाऊ: लावू. आणि चौथी ओळ. 'ती उलटी झाली तर.' कोणी उलटी होत नसतं, कोणाला तरी उलटी होते. मी 'ती' खोडलं, वर 'तिला' लिहिलं.

उलटी होणं चांगलं कसं, हा प्रश्न पडला, नाही असं नाही. छापखान्यात असं काही खटकलं की समासात 'ले. वि.' लिहायचो. लेखकास विचारणे. इथेही लिहिलं. मग सुवाच्य अक्षरात स्वच्छ प्रत केली, पेटीच्या काचेवर चिकटवली. मूळ कागद खणात गेला.

लेखकाला मात्र विचारलं नाही. त्याचं कारण ते पत्र.

त्या दोन पानांत अकरा चुका होत्या. मी त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि पत्र त्याच्या नव्या पत्त्यावर परत पाठवलं. मला वाटलं, उत्तर द्यायचं तर आधी मजकूर नीट हवा. एका ओळीत त्याने लिहिलं होतं, 'मला तुमची भिती वाटते.' मी 'भी' दीर्घ केली.

त्यानंतर पाच वर्षं आम्ही बोललो नाही. तो जिवंत आहे, नोकरी बदलली, पाय मुरगळला होता, हे सगळं लेकीकडून कळायचं. मग त्याला अकरा महिन्यांचं काम मिळालं, लांब, मासे गोठवण्याच्या कारखान्यात. तिथे कोळीण नेता येत नव्हती. लेकीकडे ठेवावी तर जावई झुरळालाही अहोजाहो करतो. राहिलो मी.

तो दारातच उभा राहिला. पेटी दिली, कागद दिला, आत आला नाही. पण कागदावर लिहिलं होतं, दर रविवारी फोन करतो. व्याकरणदृष्ट्या त्या ओळीत एकही चूक नव्हती. मी ती तीनदा वाचली.

रविवारचे फोन असे:

"खाल्लं?"
"खाल्लं."
"कुठे बसलीय?"
"बशीजवळ."
"पाणी?"
"काठोकाठ."
"बरं. ठेवतो."

माझी विचारपूस नाही. तुझं कसं चाललंय, हे मी विचारलं की "चाललंय." पण फोन यायचा. अकराच्या सुमाराला, मागे यंत्रांची घरघर घेऊन. मी साडेदहापासून पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचो, म्हणजे विचारलं की बघून सांगता यावं. एकदा म्हणालो, "सूनबाई रुसलीय. दोन दिवस तोंड दाखवलं नाही." तो म्हणाला, "तुमच्यासमोर कोण दाखवणार?" आणि हसला. खरंच हसला. लेकीला मी लगेच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बघा, सून आणल्याचा फायदा."

तिसऱ्या महिन्यात तिचं पोट काळं पडायला लागलं. घासलेल्या बुटासारखं चकचकीत. मी कात टाकण्याची तयारी केली. साप दगडाला अंग घासतो असं कुठल्या तरी शाळेच्या पुस्तकात मीच तपासलं होतं, म्हणून एक खरबरीत दगड धुऊन पेटीत ठेवला. तिने त्याला पायसुद्धा लावला नाही.

मग एका शनिवारी बशीशेजारी एक ओला, काळपट बोळा दिसला. भिंग लावून पाहिलं. रातकिड्याचे चावलेले पाय, पंख, लाळ. आली म्हटलं उलटी. काचेवरची माझी स्वच्छ प्रत वाचली: तिला उलटी झाली तर हात लावू नका, ते चांगलं असतं. हात मागे घेतला. रविवारची वाट बघत बसलो.

"बाबा, खाल्लं?"
"अरे, उलटी झाली!"
"काय? आवाज येत नाही नीट."
"उलटी! उलटी झाली!"
"झाली? अरे वा! कधी?"
"काल. मी हात लावला नाही."
"मस्त केलंत! बाबा, एक नंबर! आता दोन आठवडे खायला नका देऊ हां. कात सापडली?"
"नाही."
"कोपऱ्यात असेल बघा. अगदी तिच्यासारखीच दिसते. जपून ठेवा माझ्यासाठी. अहो, मला काळजीच होती, तुम्हाला जमेल की नाही."
"न जमायला काय झालं."

नऊ मिनिटं बोललो. पगार वेळेवर होतो, हातमोजे घालूनही बोटं बधिर होतात, खोलीतला जोडीदार झोपेत गातो, हे त्याने आपणहून सांगितलं. मी कशाबद्दल बोलत होतो आणि तो कशाबद्दल, हे दोघांनाही माहीत नव्हतं. तेवढी नऊ मिनिटं माझ्याकडे आहेत.

कात काही सापडली नाही. सगळे कोपरे चमच्याने उकरून पाहिले. वाटलं, तिनेच खाल्ली असेल.

पुढच्या रविवारी फोन आला, दोन मिनिटांचा, पण त्याचा आवाज मऊ होता. सगळं ठीक, मी म्हणालो.

मंगळवारी दुपारी जेवून आलो तर ती उताणी पडली होती. आठही पाय वर, किंचित वाकलेले. हलत नव्हती. मला वाटलं, काचेवर चढताना पडली. किंवा उपाशी ठेवल्यामुळे अशक्तपणा आला. प्रत वाचली. पडण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. काच वाजवली, तसा तिचा एक पाय हलला, अगदी सावकाश. जिवंत होती. पाठीवर पडलेला किडा आपणहून वळू शकत नाही, हे तर कोणीही सांगेल.

मी जुन्या पोस्टकार्डाचे दोन तुकडे घेतले, एक तिच्या खाली सरकवला, दुसरा बाजूने लावला आणि तिला सरळ केली. माझा हात जराही थरथरला नाही.

(वरच्या परिच्छेदात 'सरळ केली' छापले आहे. तेथे 'मारली' असे वाचावे.)

सरळ झाल्यावर दिसलं की तिच्या पाठीवरचं झाकण एका बाजूने उघडलं होतं, डब्याचं उघडतं तसं, आणि आत फिकट, ओलं काहीतरी होतं. पडल्यामुळे फुटली, असं मला वाटलं. ती पाय ओढायचा प्रयत्न करत होती. पाय पायांतून निघत नव्हते.

सहा वाजता लेक आली. ती दातांच्या कवळ्या बनवते. बोटांना कायम गुलाबी मेणाचा वास. तिने पेटीत पाहिलं, मग फोनमध्ये, मग पुन्हा पेटीत.

"बाबा, ही कात टाकतेय."

"कात कधीच टाकली. उलटी झाली तेव्हा."

"ह्या उताण्या होऊनच कात टाकतात. उलट्या पडून. तुम्ही हिला हात नाही ना लावला?"

मी पोस्टकार्डाचे तुकडे खिशात घातले.

"दादाने लिहून दिलं असेल की. कुठाय त्याचा कागद?"

"तो काय, काचेवर."

"हे तुमचं अक्षर आहे. त्याचा कुठाय?"

मी खण दाखवला. ती खिडकीशी नेऊन वाचायला लागली. मोठ्याने, लहान मुलं वाचतात तशी. चौथ्या ओळीशी थांबली. खोडलेलं नखाने दाखवून म्हणाली, "ती. 'ती उलटी झाली तर.' बाबा, इथे 'तिला' कोणी केलं?"

"वाक्य चुकलं होतं."

"नव्हतं चुकलं."

"आता कळतंय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीतून कामाचा डबा काढला, त्यातला सगळ्यात बारीक कुंचला कोमट पाण्यात बुडवला आणि जुन्या कातडीच्या कडा ओल्या करायला लागली. कवळीला दात बसवताना तिचा श्वास ऐकू येत नाही, तसाच आताही येत नव्हता. दोन पाय सुटले. तिसरा सुटताना सांध्यातून निळसर पाण्याचा थेंब आला. तिने कुंचला खाली ठेवला.

"राहू दे आता. जास्त केलं तर तुटेल."

पेटीत ओला कापूस ठेवला, वर अंधारासाठी टॉवेल टाकला. बुधवारी सूनबाई हलत होती. गुरुवारी सकाळी पाणी भरायला टॉवेल उचलला, तेव्हा हलत नव्हती. तरी बशी मी भरली.

"रविवारी सांगू नका," लेक फोनवर म्हणाली. "म्हणा, वय झालं होतं."

"त्या वीस वीस वर्षं जगतात. त्यानेच सांगितलंय."

"मग म्हणा, काय झालं कळलं नाही. हे खरंच आहे की अर्धं."

रविवारी साडेदहाला मी खुर्ची टाकून बसलो. दुसरीकडे कुठे बसावं ते सुचलं नाही.

"बाबा, दोन आठवडे झाले. आज द्या तिला रातकिडा. आणि कात सापडली का हो?"

"ती गेली."

"गेली म्हणजे? झाकण उघडं राहिलं?"

"वारली. गुरुवारी."

यंत्रांची घरघर. कोणीतरी मागे त्याला हाक मारली, त्याने उत्तर दिलं नाही.

"कशी काय? कात टाकून झाली होती ना? तुम्हीच म्हणालात, उलटी झाली."

"ती वांती होती. म्हणजे मला तसं वाटलं, नुसता चावून टाकलेला चोथा होता. उलटी ती मंगळवारी झाली. मी सरळ केली."

"मी लिहून दिलं होतं."

"हो."

"हात लावू नका, असं स्पष्ट लिहिलं होतं, बाबा."

"लिहिलं होतंस. मी 'ती'चं 'तिला' केलं. तू बरोबर लिहिलं होतंस. चूक नव्हती."

पाच वर्षांत, खरं तर त्याच्या आख्ख्या आयुष्यात, मी हे वाक्य त्याला पहिल्यांदा म्हटलं. ऐकून त्याला काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता. मग तो म्हणाला, "तुम्ही अजूनही..." तिकडे घंटा झाली.

"ठेवतो."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. मी केला, तर वाजून वाजून बंद झाला. आता त्याला विचारण्यासारखं या घरात काही उरलं नाही, हे मला त्याच्याआधी कळलं होतं.

काल लेक आली होती. म्हणाली, "त्याचा फोन आला होता. बरा आहे. थंडी फार आहे म्हणतो. आणखी वर्षभर तिथेच राहणार म्हणतोय."

"माझं काही विचारलं?"

ती कप विसळत होती. "विचारलं असतं. घाई होती त्याला."

असतं. एकतीस वर्षं मी क्रियापदं तपासली आहेत. मी ते ऐकलं, हे तिलाही कळलं. नळ सोडून ती तोच कप पुन्हा विसळायला लागली.

"आणखी चहा टाकू?" मी म्हणालो.

"नको बाबा. निघते मी."