तीन नंबरचा प्लग

माझं डोकं लवकर फिरतं, हे बीड बायपासवर सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी ते इंद्रजीत नावाच्या गिऱ्हाइकाने फिरवलं. दसऱ्यानंतर चार दिवसांनी वैजापूरहून गाडी घेऊन आला आणि उतरायच्या आधीच सुरू झाला, "कारभारी, काय करून ठेवलंय हे? सावकाश चालवली की गुमान चालतीय. जरा दाबली की झटके, पिकअप गायब! ट्रॅक्टरवाला मला ओव्हरटेक करून हसला राव!"

त्या गाडीत मोठा टर्बो माझ्याच गॅरेजने बसवला होता. खरं बोलायचं तर भारतने. बारा वर्षं माझ्याकडे असलेला मिस्त्री.

स्कॅनर लावला. तीन नंबरचा सिलिंडर मिसफायर दाखवत होता, म्हणजे तिथली ठिणगी चुकत होती. टर्बोने हवा कोंबली की ठिणगीला जास्त जोर लागतो; प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, जरा जरी वाढली तरी ठिणगी विझते. आणि प्लग भारतने बसवले होते. झालं, मला आरोपी सापडला.

"गॅप मोजली होती, का डोळे मिटून बसवले?"

"मोजली व्हती मालक. मला वाटतं, ते खंडेनवमीला..."

"तुला काय वाटतं ते कुणी विचारलं? चालता हो! उद्यापासून तोंड दाखवू नको."

इंद्रजीतसमोर बोललो. गिऱ्हाईक शांत व्हावं म्हणूनच बोललो. भारतने पाने फडक्याने पुसले, जागेवर लावले आणि गेला. त्याचं ते पाने पुसणंही मला उद्धट वाटलं.

इंद्रजीतला चहा मागवला आणि तणतणत तीन नंबरच्या प्लगला वीज देणारी कॉइल उपसली. खाली प्लगच्या खड्ड्यात मुंग्या. मेलेल्या, चिकटलेल्या. प्लगच्या पांढऱ्या भागावर तपकिरी ओघळ. गॅप मोजली. बरोब्बर होती.

खंडेनवमीला या गाडीची पूजा मी केली होती. फोटोत इंजिन दिसावं म्हणून वरचं कव्हर मीच काढायला लावलं. "मालक, आदी कव्हर लावू द्या, मंग शिंपडा," भारत म्हणाला होता. "देवाच्या कामात शहाणपणा नको," असं म्हणून मी नारळाचं पाणी थेट इंजिनवर ओतलं. ते कॉइलखाली झिरपलं आणि ठिणगी प्लगच्या टोकाला जायच्या आधीच बाहेर पळायला लागली.

स्वतःच्या कानाखाली मारता येत नाही, म्हणून फोन लावला.

"भारत, तुला माहीत होतं?"

"व्हय. तेच सांगत व्हतो. तुमी बोलू कुठं दिलं?"

"परत ये."

"गॅप बरोबर निघाली ना?"

"निघाली."

"मंग हे इंद्रजीतदादाला सांगा. त्यांच्याम्होरंच हाकललं मला."

फोन स्पीकरवर टाकला. बोललो, "इंद्रजीत, चूक माझी आहे. भारतची नाही."

"जाऊ दे ना कारभारी," तो दुसऱ्या चहाचा घोट घेत म्हणाला. "गाडी नीट होतीय ना?"

मला त्याचा कप भिंतीवर फोडावासा वाटला.

फोनमधून भारत म्हणाला, "ऐकलं. खड्डा नीट साफ करा, कॉइलचा रबर बदला. कव्हरचे बोल्ट डाव्या ड्रावरात हायत, खंडेनवमीला तुमी घाईनं कव्हर नुसतंच ठिवलं व्हतं. म्या काम मागाया चितेगावला एका कंपनीच्या गेटवर हाय. आत बोलावलंय." आणि फोन ठेवला.

बोल्ट डाव्या ड्रॉवरमध्येच होते. कागदात गुंडाळलेले, वर गाडीचा नंबर लिहिलेला. मी ते कव्हरला इतके आवळले की शेवटचा तुटला.