एका टाकीत जाऊन येऊन

"दोनच्या आत पोचायला हवं," फोनवरची बाई म्हणाली. मोठ्या हॉस्पिटलात किडनीसाठी थांबलेल्या पेशंटांना बोलवायचं काम तिच्याकडे होतं. आवाज मऊ, पण शब्द मोजूनमापून. "किडनी आलीय, तुमच्या मिस्टरांशी जुळतेय. पण दोननंतर आम्हाला थांबता येणार नाही. यादीतल्या पुढच्या पेशंटलाही बोलावून ठेवलंय. तुम्ही आला नाहीत तर त्यांना आत घेऊ."

"येतो," मी म्हणाले. तीन वर्षं ज्या फोनची वाट बघितली, त्याला मी एवढंच उत्तर दिलं.

मोठं हॉस्पिटल घाटापलीकडे, आमच्या गावापासून चार तासांवर. नऊ वाजले होते, म्हणजे हातात तासभर जास्तीचा होता. बॅग केव्हाचीच भरून पलंगाखाली ठेवलेली. नवरा पलंगाच्या काठावर बसून मोजे घालत होता आणि घातलेला मोजा पुन्हा काढून बघत होता. मी दादाला फोन लावला. टॅक्सीचा विचार मनात आला नाही असं नाही. पण दादाला डावलून टॅक्सी केली असती तर त्याने वर्षभर तोंड फुगवलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्याने ती मागेही सीट असलेली नवी पिकअप याच दिवसासाठी घेतली होती.

दादा माझा थोरला भाऊ. सुतार आहे. दारं, कपाटं, पलंग करतो आणि गावातल्या गावात पोचवतो. त्याला नवी गाडी घ्यायची होती तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, तुझं फिरणं एवढुसं, साधी पेट्रोलची घे. पण दादाने डिझेलपायी घर डोक्यावर घेतलं. डिझेलला ओढ असते. डिझेल कमी पितं. घाटात लाकडं भरून चढवली तरी दम लागत नाही. आणि शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, "चिमे, दाजींचा फोन कधी येईल सांगता येत नाही. मोठं हॉस्पिटल एका टाकीत जाऊन येऊन होतं, मी हिशोब केलाय. वाटेत पंप शोधत बसायचं नाही."

गाडी आली आणि आमच्या घरात मायलेज हा एक जादा पाहुणा जेवायला बसू लागला. लिटरला अठरा पडले की दादा दोन पोळ्या जास्त खायचा. ते खाली येऊ नये म्हणून सिग्नलला इंजिन बंद, रेल्वे फाटकाला बंद, उतार आला की ॲक्सिलरेटरवरून पाय वर. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी तो माझ्या नवऱ्याला डायलिसिसला नेई आणि परत आणी. इथल्या इथेच, दहा मिनिटांचा रस्ता. एकदाही चुकला नाही, एकदाही कपाळाला आठी नाही. मात्र सेंटरच्या दारात नवरा उतरायच्या आधी किल्ली फिरलेली असायची. "उभ्या गाडीला कशाला पाजायचं?" असं त्याचं म्हणणं.

मागच्या महिन्यात तो ऑइल बघायची काडी थेट माझ्या स्वयंपाकघरात घेऊन आला होता. काडी खुणेच्या वरपर्यंत भिजलेली. "बघ, लोकांची इंजिनं ऑइल पितात. माझं वाढतंय," म्हणाला. मी गणिताची शिक्षिका. आत काही न घालता वाढतं कसं, असं मी विचारलंसुद्धा. तो नुसता हसला. नवं इंजिन आहे, अजून बसतंय, म्हणाला. फरशीवर थेंब पडले म्हणून मी त्याला हाकलला आणि पुन्हा पोरांचे पेपर तपासायला बसले.

तर फोन ठेवला आणि दादा दारात हजर. नवरा पुढे, मी मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन. गाव सुटलं. मग दादा म्हणाला, "दाजी, झोपा निवांत. आज ही मोकळ्या रस्त्यावर पळणार आहे. जन्माला आल्यापासून हिला असा रस्ता मिळाला नाही." त्या दिवशी त्याने एकदाही पाय वर घेतला नाही. मायलेजचा आकडा किती खाली आला हेही बघितलं नाही. मला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि मी ते बोलले नाही.

घाट अर्धा चढलो असू. इंजिनाचा आवाज बदलला. दादाने पाय उचललेला मी मागून बघितला, तरी गाडी पुढे रेटतच होती. "हे काय," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने क्लच दाबला. तशी ती किंचाळायला लागली. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. कसाबसा ब्रेक मारत त्याने ती कडेला डोंगराच्या बाजूला घेतली आणि किल्ली फिरवली. किल्ली बाहेर काढली. हातात धरून बघितली. इंजिन चालूच होतं, उलट त्याचा आवाज चढतच होता. मागे एवढा धूर झाला की रस्ता दिसेना.

"उतरा," दादा ओरडला. "लांब जा. दाजींना घेऊन लांब जा."

मी नवऱ्याला काखेत धरून ओढत नेलं. त्याच्या डाव्या हातात डायलिसिसची शीर आहे, तिथे धरायचं नसतं, हे त्या घाईतही माझ्या लक्षात होतं. कठड्याशी पोचून मागे वळले तर दादा अजून आत. "दादा, बाहेर ये," मी ओरडले. त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तो ब्रेकवर उभाच राहिला होता, डोकं टपाला टेकलेलं. सगळ्यात वरचा गिअर टाकून त्याने क्लच सोडला. गाडीने दोन हिसके दिले. आत काहीतरी तुटल्याचा मोठा आवाज झाला आणि एकदम सगळं शांत. गाडीखालून काळं ऑइल वाहत उताराला लागलं.

दादा उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मला ते शब्द आजही लिहवत नाहीत, पण लिहिते. "मायलेज, मायलेज करत माझा नवरा मारलास," मी म्हणाले. "ठेव ती किल्ली देव्हाऱ्यात आणि कर पूजा. पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नकोस."

नवरा "अगं, अगं" करत होता. दादा रस्त्याच्या मधोमध जाऊन हात आडवे पसरून उभा राहिला.

धूर बघून गाड्या थांबण्याऐवजी जास्त जोरात निघून जात होत्या. एक बस तर त्याच्या अंगावरूनच जायची. फोनला रेंज नव्हती. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला बघितलं. जास्तीचा तास तिथेच त्या वळणावर संपत आला. शेवटी एक जुनी छोटी गाडी थांबली. चालवणारे म्हातारे गृहस्थ होते, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. दादाने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी मागच्या सीटवरच्या रोपांच्या कुंड्या स्वतः उचलून कठड्यावर ठेवल्या. दादाने नवऱ्याला आत बसवलं, बॅग माझ्या मांडीवर दिली आणि दार लावलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

आजोबा मनाने सोन्यासारखे, पण गाडी बैलगाडीच्या चालीने हाकणारे. "आजोबा, जरा जोरात घ्या ना," मी तीनदा म्हणाले. घेत होते बिचारे. घाट उतरून सपाटीला लागलो, रेंज आली, मी हॉस्पिटलला फोन केला. "निघालोय, पोचतोच आहोत, थोडं थांबा," मी म्हणाले. "मी डॉक्टरांना सांगते," ती बाई म्हणाली. "पण फार थांबता येणार नाही हो." एवढ्यात आजोबा संकोचून म्हणाले, "बाळ, पेट्रोल घ्यावं लागेल. काटा केव्हाचा खाली आहे."

पंपावर रांग होती. आमच्या पुढच्या माणसाला टायरमध्ये हवाही भरायची होती. मी उतरून त्याच्यापुढे हात जोडले, तो बाजूला झाला, तर पंपावरचा पोरगा मशीनचा कागदी रोल बदलायला लागला. नवऱ्याने खिडकीतून हात बाहेर काढून माझा पदर धरला. "किती वाजले ते मला सांगू नकोस," तो म्हणाला. मी नाही सांगितलं.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा दोन वाजून गेले होते. फार नाही, पण गेले होते. ती फोनवरची बाई समोरच उभी होती. माझ्या वयाची, थकलेली. तिने मान हलवली नसती तरी मला कळलं असतं.

"मी धरून ठेवलं होतं जेवढं जमलं तेवढं," ती म्हणाली. "आत्ताच नेलं त्यांना. यादीत तुमचा नंबर तसाच राहील."

मला तिच्याशी भांडायचं होतं. भांडायला शब्द तयार होते. पण बाकावर एक माणूस बसला होता, त्याच्या मांडीवर एका तरुण मुलीच्या चपला होत्या. आम्ही कोण हे त्याला समजलं असावं, कारण तो चपला लपवायला जागा शोधू लागला. माझा नवरा सावकाश चालत त्याच्या शेजारी जाऊन बसला. "मुलगी का?" त्याने विचारलं. तो माणूस हो म्हणाला. "होईल सगळं नीट," माझा नवरा म्हणाला आणि भिंतीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले.

मी जिन्यात गेले आणि दादाला फोन लावला. काय झालं ते त्याला सांगायचं होतं. एकेक शब्द टोचून सांगायचं होतं.

फोन दुसऱ्याच कुणीतरी उचलला. घाटाखालच्या गॅरेजचा मेकॅनिक, कुणा ट्रकवाल्याच्या निरोपावरून बंद गाडी ओढायचं टोचन घेऊन आलेला. "गाडी ओढून खाली रेंज येते तिथवर आणलीय. ते तिकडे कठड्यावर बसलेत. कुंड्या सांभाळत," तो म्हणाला. "तुम्ही घरच्याच ना? मग एक विचारतो. गाडी रोज किती चालते?"

"गावातल्या गावात," मी म्हणाले. "दहा मिनिटं जायला, दहा यायला. का?"

"तेच म्हटलं. ताई, या नव्या डिझेलच्या धुराच्या नळीत एक जाळी असते. ती काजळी धरते. गाडी लांब पळाली, चांगली तापली, की काजळी आपोआप जळते. ती जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. दहा मिनिटांत गाडी तापत नाही, आणि मधेच बंद केली की ते जादाचं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. असं महिनोन् महिने झालं. ऑइल पातळ झालं, वर चढलं, आज घाटात जोर लागला तसं इंजिन तेच प्यायला लागलं. मग ते किल्लीला ऐकत नाही. कुठे नेत होते ती एवढ्या जवळ?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पावसात, उन्हात, दादाच्या अंगात ताप असताना एकदा. मी दारात उभी राहून हात हलवायचे आणि आत येऊन चहा प्यायचे.

"हॅलो?" मेकॅनिक म्हणाला.

"हे सगळं त्यांना सांगितलंत?"

"नाही अजून. ते काही विचारतच नाहीत."

"मग सांगू नका," मी म्हणाले. "पाइप फाटला म्हणा. काहीही म्हणा. हे तेवढं नको."

तो मग म्हणाला, "बरं. देतो त्यांना."

चालण्याचा आवाज आला, मग दादाचा. "पोचलात?"

"पोचलो."

"दोनच्या आत?"

मगाशी तयार ठेवलेले शब्द कुठे गेले कळेना. "नाही रे, दादा."

पलीकडे घाटातून गाड्या जाताना ऐकू येत राहिल्या. दादा रडतोय हे मला कळत होतं. लहानपणापासून तो आवाज न करता रडतो.

"चिमे," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "हा म्हणतोय पाइप फाटला."

"म्हणतोय तर फाटला असेल."

"मला पटत नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार."

"तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हे वाक्य म्हणत होते, आणि ते पुरतं खरं नव्हतं, पुरतं खोटंही नव्हतं.

"परवा दाजींचं डायलिसिस आहे," तो म्हणाला. "कुणाची तरी गाडी मागून बघतो मी. लांब उभी करीन. दारात येणार नाही. नाहीतर तू टॅक्सी सांगतेस का?"

"दारात ये," मी म्हणाले. "तू आल्याशिवाय ते बूट घालत नाहीत."