काळ्या रंगाखाली

मित्रांनो, मला जुनी व्हॅन म्हणा, खटारा म्हणा, नाहीतर सरळ भंगार म्हणा. मी रागावणार नाही. दीपेशच्या गॅरेजमागे मी विटांवर टेकून उभी आहे. माझी चाकं काढून नेली आहेत आणि आता गॅसकटरवाला यायचा आहे. तो येण्याआधी माझी हकिकत सांगून टाकते. माझ्यासारखं गंजलेलं पोट घेऊन धावणाऱ्या पुष्कळ गाड्या वसई-विरारच्या रस्त्यांवर आहेत, आणि त्यांच्यात माणसं बसलेली आहेत.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. अर्नाळ्याच्या लतिकाने मला घेतलं. ती मासळी विकायची आणि तिचा नवरा जितेंद्र मला चालवायचा. त्यांनी माझ्या मागच्या सीट काढून घरी ठेवल्या आणि तिथे पापलेट-बोंबलाच्या टोपल्या रचल्या. टोपल्यांवरचा बर्फ वाटेत वितळायचा. ते खारट पाणी माझ्या तळाच्या पत्र्यावर पसरायचं, सांध्यासांध्यांत शिरायचं. पाणी निघून जावं म्हणून आम्हा गाड्यांच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. माझ्या भोकांत माशांचे खवले जाऊन बसले. पाणी आत आलं, पण त्याला बाहेरची वाट राहिली नाही.

लतिकाने माझी हेळसांड केली असं मात्र मी म्हणणार नाही. तिची शिस्त कडक होती.

"गाडी धुतल्याबिगर जेवायला बसायचं नाय," ती जितेंद्रला बजावायची.

आणि तो रोज मला घासूनपुसून धुवायचा. पण गोडं पाणी टँकरचं, ते प्यायलाच पुरायचं नाही. म्हणून तो बंदरावरच्या पाण्याच्या बादल्या माझ्यावर ओतायचा.

"खाऱ्या पान्यानं धुवू नको असं माझा भाऊ म्हनत होता," लतिका एकदा म्हणाली.

"पानी म्हंजे पानी," जितेंद्र म्हणाला. "घान निघाली ना?"

घाण निघत होती आणि मीठ राहत होतं. मागच्या चाकाजवळ नखाएवढा तांबडा डाग पडला, तो कुणाला दिसला नाही. मलाही दुखलं नाही. गंज दुखत नाही, हेच त्याचं वाईट. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की मला किनाऱ्यालगत ताडपत्रीखाली झाकून ठेवायचे. वरून मी कोरडी असायचे. खाली ओल्या वाळूची वाफ रात्रंदिवस माझ्या पोटाला लागायची, आणि तो डाग पसरत राहायचा.

काही वर्षांनी लतिकाने मोठा टेम्पो घेतला. मला निरोप देताना तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि पदराने डोळे पुसले. काढून ठेवलेल्या सीटही आठवणीने परत आणून दिल्या. मग मी माणिकपूरला विकीकडे आले.

विकी जुन्या गाड्या घ्यायचा आणि सजवून विकायचा. त्याच्याकडे रामू नावाचा रंगारी होता. रामू माझ्याखाली झोपला आणि लगेच बाहेर आला. त्याच्या तळहातावर माझ्या पत्र्याचे पापुद्रे होते.

"शेठ, खालचा पत्रा हाताला येतोय. आधी घासून घेऊ का?"

"घासलंस तर भोकं पडतील," विकी म्हणाला. "मग काय विकू, जाळी? मार काळा रंग. कोण झोपून बघणारे?"

रामूने तळहातावरचे पापुद्रे झटकले. मग त्याने रंग मारला. सर्वांत मोठ्या भोकावर पातळ पत्रा चिकटवला, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, आत नवं कार्पेट अंथरलं. त्याच पत्र्यावर लतिकाच्या घरून आलेल्या सीट बोल्टांनी आवळल्या. वरून मी नव्या नवरीसारखी दिसत होते. पण मीठ आणि ओल त्या काळ्या रंगाखाली कोंडली गेली होती. आता त्यांना ना ऊन लागणार होतं, ना वारा.

नंदाखालच्या मार्सेलनी मला विकत घेतलं. नोकरीतून निवृत्त होऊन ते आपली केळीची वाडी बघत. सोबत त्यांची सून फेलिशिया होती. ती नर्स होती आणि गाडी तीच चालवणार होती. तिचा नवरा फ्लॉईड बोटीवर कामाला होता. मार्सेल सावध माणूस. ते खरोखरच गुडघे टेकून माझ्याखाली वाकले. काळाभोर, चकचकीत तळ बघून त्यांचं समाधान झालं.

"बघ गं, गाडी जुनी असली तरी खालून कशी ठणठणीत आहे!"

मी ओरडले असते, मित्रांनो. पण आम्हाला फक्त हॉर्न असतो, आणि तो दुसऱ्याने वाजवावा लागतो.

नंदाखालचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत गोड दिवस होते. सकाळी केळीचे लोंगर, घडच्या घड, दुपारी फेलिशियाची ड्युटी, रविवारी आळीतली म्हातारी माणसं चर्चला, मिस्सेला. मार्सेलच्या बायकोला, क्लेमेंटीनला, मधल्या सीटवर खिडकीपाशी बसायला आवडायचं. तिला साखरेचा आजार होता, पायी चालणं होत नव्हतं. "ह्या गाडीने मला पाय दिले," ती सगळ्यांना सांगायची. ते ऐकून मला आनंद होण्याऐवजी धडकी भरायची. तिच्या त्या सीटखालीच लांबीने बुजवलेलं भोक होतं.

मी जमेल तशा खुणा देत होते. मी उभी असायचे तिथे अंगणात रोज तांबडे पापुद्रे पडायचे.

"हे सालपटासारखं काय पडतंय?" झाडताना क्लेमेंटीनने विचारलं.

"चाकाचा चिखल असेल," मार्सेल म्हणाले.

मग कार्पेट ओलं राहू लागलं, त्याला कुबट वास येऊ लागला. मग सीट डुगडुगू लागली.

"पप्पा, मधली सीट हलतेय. दाखवून घेऊया," फेलिशिया म्हणाली.

"जुन्या गाडीत थोडं हलणारच. रविवारचा बाप्तिस्मा होऊन जाऊ दे, मग दाखवू."

तो रविवार उजाडला. भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा माणिकपूरच्या चर्चमध्ये होता. क्लेमेंटीन रेशमी साडी नेसून, मांडीवर केकचा डबा धरून बसली. निर्मळच्या पुढे रस्त्यात पाणी साचलं होतं आणि पाण्याखाली खड्डा होता. माझं मागचं चाक त्यात आदळलं. तेवढा एकच धक्का. माझ्या पोटातून ओला पुठ्ठा फाटावा तसा आवाज आला. सीटचे बोल्ट पत्र्याचा तुकडा घेऊनच खाली सुटले. सीट कलंडली आणि क्लेमेंटीनचा पाय माझ्यातून आरपार रस्त्यावर गेला.

"थांब! फेलिशिया, थांब!" मार्सेल किंचाळले.

फेलिशियाने ब्रेक दाबला. मी थांबले. पण धावत्या रस्त्याला माणसाचा पाय घासायला फार वेळ लागत नाही. माझ्या फाटलेल्या पत्र्याच्या दातेरी कडेत तिची पोटरी अडकली होती. फेलिशियाने स्वतःच्या ओढणीने पाय घट्ट बांधला. "मम्मी, माझ्याकडे बघा. खाली बघू नका." केकचं क्रीम आणि रक्त माझ्या कार्पेटवर एकत्र पसरलं.

जीव वाचला. पण साखर असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही. जखम चिघळली, आणि शेवटी डॉक्टरांना तिच्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

मला दीपेशच्या गॅरेजात ओढून आणलं. त्याने मला वर उचललं आणि काळ्या रंगावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावावाच लागला नाही. दांडी मुठीपर्यंत आत गेली.

"ताई, हा फक्त तळ नाही गेला," तो फेलिशियाला म्हणाला. "खालचे दोन्ही लांब दांडे आतून गंजाने खाल्लेत. सगळी गाडी ह्यांच्यावर उभी असते. आता जोडायचं म्हटलं तरी वेल्डिंग धरायला चांगलं लोखंडच उरलेलं नाही."

फेलिशियाने त्या भोकाला बोट लावून पाहिलं. "जखम साफ न करताच वर पट्टी बांधली होती," ती म्हणाली. "आमच्याकडे असं कुणी केलं तर माणूस मरतो."

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपायला हवी होती. पण खरी भीती मला पुढे वाटली.

मार्सेल विकीशी भांडायला गेले. विकीने त्यांना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. "अंकल, मला काय माहीत आतलं? टेन्शन घेऊ नका. पत्रा ठोकतो, काळा मारतो, एकदम नवीन. पार्टी पण माझ्याकडे तयार आहे. तुमच्या डोक्याचा ताप गेला."

मार्सेल ते पाणी प्यायले. रोज मिस्सेला जाणारा, दुसऱ्याच्या वाडीतलं केळ न तोडणारा तो माणूस. पण घरात दुखणं होतं, मन थकलं होतं. सुनेला न सांगता त्यांनी मला विकीकडे धाडलं. पुन्हा पत्रा, पुन्हा लांबी, पुन्हा काळा रंग. पुन्हा मी नंदाखालच्या अंगणात चकचकीत उभी.

फेलिशिया ड्युटीवर असताना बघायला आलेली पार्टी म्हणजे कामणची जागृती. ती शाळेतल्या मुलांची ने-आण करायची. तिची व्हॅन जुनी झाली होती. ती माझ्यात चढली, सीट मोजत म्हणाली, "लहान मुलं मधे बसवीन, सेफ असतं."

मार्सेलनी मान वळवली. माझ्या अंगात तेल गोठावं तसं झालं.

क्लेमेंटीन ओट्यावर बसली होती, पायाला पट्टी, हाताशी वॉकर. तिने हाक मारली.

"बाय, इकडे ये. आधी माझा पाय बघ, मग गाडी बघ."

"क्लेमेंटीन, तू आत जा," मार्सेल म्हणाले.

"मला आत तुम्हालाच उचलून न्यावं लागतं," ती शांतपणे म्हणाली. "न्या. पण आधी ह्या पोरीला सांगा, मी कुठे बसले होते."

मार्सेलनी चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा लावला नाही. मग ते जागृतीला म्हणाले, "ही गाडी घेऊ नकोस. हिच्यात कुणीच बसायचं नाही." आणि खालच्या पायरीवर बसून दोन्ही हातांत तोंड लपवून रडले.

जागृती चालती झाली, पण घरी गेली नाही. आपली जुनी व्हॅन घेऊन ती मार्सेलनी सांगितलेल्या दीपेशकडे आली. "खालून बघा. माझीपण अशीच असेल तर आज मुलं बसवत नाही." मलाही मार्सेलनी त्याच दिवशी ओढून तिथेच आणवलं होतं, कापून टाकण्यासाठी, कुणालाही न विकण्याच्या अटीवर. म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

जागृतीच्या व्हॅनला गंज होता, पण वरवरचा. दीपेशने जोराच्या गोड्या पाण्याने तिचं पोट धुतलं, तारेने भोकं मोकळी केली आणि तिला उन्हात पूर्ण वाळू दिलं. मग तारेच्या ब्रशने लोखंड पांढरं चमकेपर्यंत घासलं. एका जागी पत्रा कुजला होता, तो झाकला नाही, कापून काढला आणि नवा जोडला. मग गंजरोधक प्रायमर, तो वाळल्यावर रंग, आणि पोकळ दांड्यांच्या आत मेणासारखं तेल. जागृती सगळा वेळ वाकून बघत होती.

"दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर आणा," दीपेश म्हणाला. "आणि रस्त्यावर पाणी भरलं असेल, खाडीचं पाणी लागलं असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा."

सोपं होतं, नाही? माझ्या वाट्याला एवढं कधी आलं नाही.

कटरवाला आलाय. नळी जोडतोय. मला वाईट वाटत नाही. फाटलेलं पोट झाकून माणसांना फसवत फिरण्यापेक्षा हे बरं. फक्त एक सांगते, मित्रांनो. घरी गेलात की मोठ्यांना घेऊन आपल्या गाडीखाली वाका. चकाकी बघू नका. बोटाच्या पेराने पत्रा ठोका आणि कान लावा. खणखणीत वाजला तर आनंदाने फिरायला जा. आवाज बसका आला, तर आपल्या माणसाला त्या गाडीत चढू देऊ नका. कुणी कितीही घाईत असलं तरी. दारात पाहुणे खोळंबले असले तरी.